तुळईला मीठ

गेल्या वर्षी होळी झाल्यावर चौथ्या दिवशी मी वसईतल्या वटारच्या आमच्या घरात, माडीखालच्या चार सागवानी तुळयांना गिरमिटाने छत्तीस भोकं पाडली आणि त्यांत साडेतीन किलो खडेमीठ भरलं.

मला तसं करायला कोणी सांगितलं नव्हतं. मी दारू पीत नाही. त्या दिवशी मला तापही नव्हता.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर ओरडणार आहे, आणि वाचणाऱ्याला उगाच वाटायला नको की त्यांतल्या एकाची तरी चूक असेल. कोणाचीच नव्हती. तरीही मी ओरडलो, आणि खरं सांगायचं तर हे लिहितानाही माझं डोकं तापलेलंच आहे. फरक इतकाच, की तेव्हा राग दिसेल त्याच्यावर होता आणि आता तो त्याच्या खऱ्या मालकाकडे परत आलेला आहे.

घर वीट-चुन्याचं. खाली ओटी, स्वयंपाकघर आणि वडिलांची खोली, वर माडी. माडीची जमीन लाकडी, म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत तुळया आणि त्यांवर फळ्या. न्हाणीघर पूर्वी खालीच, मागच्या बाजूला होतं. पंधरा वर्षांपूर्वी मला पहाटे उठून जिना उतरण्याचा कंटाळा आला. नोकरी होती, पहाटेची गाडी होती, आणि अंगात मस्ती होती. मी माडीवर न्हाणीघर काढायचं ठरवलं.

बाबा तेव्हा सत्तरीच्या पुढे होते, पण वाडीत नारळावर कोणाला चढवायचं, केळीला पाणी कधी सोडायचं, सगळं तेच बघायचे. ते एकच वाक्य बोलले. "लाकडावर पाणी नेऊ नकोस."

"बाबा, आता वॉटरप्रूफिंग असतं," मी म्हणालो. हा शब्द मी असा उच्चारला, जणू तो मीच शोधून काढला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाडीत निघून गेले. पुढे वय झाल्यावर त्यांनी खालची जी खोली घेतली, ती नेमकी त्या न्हाणीघराच्या खालची. ती थंड राहते, खिडकीतून वाडी दिसते, म्हणून. त्यांची खाट आमच्या मोरीच्या बरोबर खाली आली. पंधरा वर्षं मी त्यांच्या डोक्यावर आंघोळ करत होतो, असं म्हटलं तरी चालेल.

त्या होळीच्या आधीच्या हिवाळ्यात एका सकाळी ते म्हणाले, "वरून पीठ पडतंय."

मी जाऊन पाहिलं. चादरीवर पिवळसर, मऊ, नाचणीच्या पिठापेक्षा बारीक असं काहीतरी होतं. मी ते बोटांनी चोळून पाहिलं, वास घेतला आणि निदान केलं. "बाबा, तुमची तपकीर सांडली असेल."

"तपकीर सोडून मला वीस वर्षं झाली."

"मग धूळ."

"धूळ रोज एकाच जागी पडत नाही," ते म्हणाले. मी चादर झटकली आणि विषय मिटवला. ही चादर मी दोन महिने झटकत होतो. एकदाही मान वर करून पाहिलं नाही. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा माणूस रोज सकाळी सांगतोय की वरून काहीतरी पडतंय, आणि त्याचा मुलगा रोज सकाळी चादर झटकतोय. हे आठवलं की मला स्वतःच्या मुस्कटात द्यावीशी वाटते.

शेवटी बायकोने सोक्षमोक्ष लावला. ती आंघोळीला गेली आणि आतूनच ओरडली, "अहो, मोरी हलतेय!"

मी म्हणालो, "चक्कर आली असेल."

"मला चक्कर येत नाही. तुम्ही येऊन पाय ठेवून बघा."

मी पाय ठेवला. टाइल खाली दबली आणि परत वर आली. झोपलेल्या माणसाच्या पोटावर पाय ठेवावा तशी.

मग मात्र उकरायला घेतलं. दोन माणसं लावली. एक प्लंबर, विरारचा, तिशीतला, बोलायला चुरचुरीत. दुसरे सुतार, अर्नाळ्याच्या बाजूचे, साठीचे. त्यांचा सगळा जन्म होड्या बांधण्यात गेलेला. आता फायबरच्या होड्या आल्या तशी ते घरांची कामं घेतात. टाइल्स निघाल्या, खालचा कोबा फुटला, आणि फळ्या दिसल्या. काळ्या, फुगलेल्या, हाताने तुकडे पडतील अशा. मोरीतलं पाणी खाली उतरायला जाळीखाली वाटीसारखा एक भाग असतो, प्लंबर त्याला नानी ट्रॅप म्हणतात. त्याचा सांधा पहिल्या दिवसापासून गळत होता. माझं ते वॉटरप्रूफिंग त्या सांध्याच्या वर होतं. पाणी खालून जात होतं.

सुतारांनी फळ्या काढून बाजूला टाकल्या आणि उघड्या पडलेल्या तुळया लाकूड तासायच्या वाकसाच्या दांड्याने ठोकत, वाकून आवाज ऐकत, चारही तपासल्या. एकेका तुळईवर टाचणीच्या टोकाएवढी शेकडो भोकं होती आणि त्यांतून ते पीठ गळत होतं.

"वाळवी?" मी विचारलं.

"वाळवी माती लावीत जाते. ह्यो भुंगा. वल्लं लाकूड गावलं नि घुसला," ते म्हणाले. "पन आत अजून सागवान हाय. वरचा थरच खाल्लाय. आता काय करायचा नाय. खिडक्या उघड्या टाका, पंधरा दीस वारा लागू द्या. सुकलं का मी येतो, किडका थर ताशितो, औषध मारतो नि नवीन फळ्या टाकतो. तवर कोनी हात लावायचा नाय."

शेवटचं वाक्य ते माझ्याकडे बघून बोलले. सगळ्या कामात माझ्या वाट्याला एवढंच काम आलं होतं: हात न लावणं.

डोक्यावर उघड्या तुळया, धूळ, खोकला. बाबांना त्या खोलीत ठेवणं शक्य नव्हतं. ओटीवर सिमेंटच्या गोणी आणि टाइल्सची खोकी होती. धाकट्या बहिणीचा फ्लॅट चंदनसारला, सहाव्या मजल्यावर. ती म्हणाली, "दादा, माझ्याकडे आण त्यांना. पाडव्यापर्यंत तर करशील ना?"

"पाडव्याच्या आत," मी म्हणालो.

बाबा रिक्षात बसताना शांत होते. मला जवळ बोलावलं आणि न्यायला आलेल्या बहिणीला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "सहाव्या मजल्यावरून वर जायला जवळ पडतं, हे मला कळतं. पण जायचं झालं तर मला इथून जायचंय. तेवढं डोक्यात ठेवून काम कर."

मी हसलो. ते हसले नाहीत.

आता ती दुपार.

मी बागायतदाराचा मुलगा आहे. बागायतदार नाही. पोहणारा आणि काठावर त्याचे कपडे सांभाळणारा यांच्यात जेवढं अंतर, तेवढंच यात आहे. एकतीस वर्षं मी कचेरीत कागद पुढे सरकवले. वाडीतलं मला जे येतं ते लहानपणी बाबांच्या मागे फिरताना कानावर पडलेलं, तेही अर्धं, कारण उरलेलं अर्धं ते बोलत असताना मी कैऱ्या पाडत असे. पण भुंगा म्हटल्यावर मला काय करतात ते नक्की माहीत होतं. नारळाला भुंगा लागला की बाबा माणूस वर चढवायचे. तो आकडीने भुंगा ओढून काढायचा आणि शेंड्यात मीठ-वाळू टाकायचा. बुंध्यात भोक दिसलं तर गिरमिटाने तिरकं भोक पाडून त्यात औषध ओतायचे आणि वरून लिंपायचे. नारळ वाचायचा. मी हे डोळ्यांनी पाहिलेलं होतं.

तेव्हा, भुंगा तो भुंगा, लाकूड ते लाकूड. आणि सुतारबुवा होडीवाले. त्यांना भुंग्यातलं काय कळणार? आम्ही पिढ्यान्‌पिढ्या भुंग्याशी लढलेली माणसं.

मी हे असं खरोखर मनात म्हणालो. "पिढ्यान्‌पिढ्या."

बायको बाजारात गेली होती. मी वाडीतल्या खोपीतून गिरमिट आणलं आणि तुळयांवर बसलो. भुंग्याची भोकं फार बारीक, त्यांत मीठ जाईना. म्हणून मी माझी पाडली. बोटभर जाड, वीतभर खोल, तिरकी. एका तुळईत नऊ. वाडीतली वाळू, त्यात स्वयंपाकघरातलं खडेमीठ. ठासून भरलं. कोरडं मीठ आत नीट बसेना म्हणून वरून पाणीही ओतलं. सुकवायला ठेवलेल्या लाकडात मी पाणी ओतलं! मग प्रत्येक भोकावर लाकडाचा भुसा आणि डिंक कालवून असं लिंपलं की वरून कळणारही नाही. हात धुतले. चहा करून प्यायलो. मला फार बरं वाटत होतं. भुंग्याने पंधरा वर्षांत त्या तुळयांचं जे वाटोळं केलं नव्हतं, ते मी चहाच्या आधी उरकलं होतं.

चार दिवसांनी बायकोने विचारलं, "लोणच्यासाठी खडेमीठ आणून ठेवलं होतं ते कुठं गेलं?"

"नारळांना घातलं."

"सगळं?"

"भुंगा फार झालाय."

ती पिशवी घेऊन पुन्हा बाजारात निघाली. मला वाटलं, तिला पटलं.

सांगितलेले पंधरा दिवस संपले तसे सुतार आले. त्यांनी तुळईवर तळहात ठेवला आणि तो उचलून पाहिला. हात ओला झाला होता.

"ह्ये सुकलं कसं नाय?" ते स्वतःशीच म्हणाले. "वरती पानी चालू हाय काय?"

"थेंब नाही," मी म्हणालो.

"मंग पायपात बगा. कुटंतरी झिरपतंय. आजून पंधरा दीस."

पाडवा तिथेच गेला. सकाळी बाबांचा फोन आला. ते रोज सात वाजता करायचे आणि 'हॅलो' म्हणायचे नाहीत.

"झालं का?"

"बाबा, लाकूड सुकतंय."

"लाकूड किती दिवसांत सुकतं ते मला माहीत आहे. तुझं काय चाललंय ते सांग."

"थोडं पाणी झिरपतंय कुठेतरी. प्लंबरला पकडतो आज."

"मला इथं बरं नाही वाटत रे," ते म्हणाले. "इथं सगळंच आणावं लागतं. पाणी गाडीतून आणतात. भाजी पिशवीतून आणतात. हवासुद्धा पंख्याने आणावी लागते. मी खिडकीत बसतो. खाली बघून बघून मान दुखते."

फोन ठेवला आणि मी प्लंबरच्या मागे लागलो.

त्या पोराचा—पोर म्हणजे बत्तीस वर्षांचा बाप्या—एवढाच अपराध होता, की बाजूच्या भिंतीत नवा पाइप त्याने बसवला होता. त्याने पाइपात पाणी भरून, दाब देऊन, काटा लावून दाखवला. दुसऱ्या दिवशी परत येऊन दाखवला.

"काका, बघा. काटा हलला? नाही ना? मग लिकेज कुठून येणार?"

"काटा खराब असेल."

"काटा नवीन आहे काका."

"मग भिंत फोड."

त्याने भिंत फोडली. आत कोरडं ठणठणीत. मी म्हणालो, खाली फोड. खाली फोडली. तिथेही कोरडं. माडीवरची टाकी रिकामी केली, माडीकडे जाणारा व्हॉल्व्ह बंद केला. घरात खालच्या एका नळाशिवाय पाणी नाही. बायको कळशा भरून स्वयंपाक करतेय. आणि तुळया ओल्याच! सकाळी दमट हवा असली की त्यांना घाम फुटल्यासारखे थेंब यायचे, आणि बाबांच्या रिकाम्या खाटेवर टपकायचे. खाटेवर मी प्लास्टिक घातलं होतं. ते टपटप वाजायचं. तो आवाज ऐकला की माझ्या डोक्याची शीर उडायला लागायची. मला त्या घराचाच राग यायला लागला. मग त्या प्लंबरचा. मग वटारला येणाऱ्या दमट वाऱ्याचा. मग ज्याने लाकूड शोधून काढलं त्याचा.

अक्षय्य तृतीया जवळ आली. एका सकाळी सात वाजून गेले, साडेसात झाले, फोन आला नाही. मीच बहिणीला केला.

"बाबा कुठेत?"

"खिडकीत बसलेत."

"आज विचारलं नाही त्यांनी."

"नाही," ती म्हणाली. "दादा, काल संध्याकाळपासून विचारतच नाहीत. जेवलेही नाहीत नीट. मी म्हटलं, दादाला फोन लावून देऊ का? तर म्हणाले, कशाला, त्याला कामं असतात." मग आवाज चढवून म्हणाली, "तू नक्की काय करतोयस तिथे? एक मोरी दोन महिने? सरळ सांग, तुला त्यांना आणायचं आहे की नाही?"

बहिणीने असं विचारलं की भला माणूस रडतो, मी ओरडतो. प्लंबर तेवढ्यात फाटकातून आत येत होता. येऊ नये ती वेळ त्याने साधली.

"तिसऱ्या जागी फोड," मी म्हणालो.

त्याने छन्नी खाली ठेवली. "काका, भिंत सुकी आहे. लाकूड ओलं आहे. पाइप भिंतीत आहे, लाकडात नाही. सिंपल गोष्ट आहे यार."

"यार कोणाला म्हणतोस? तू आहेस चोर. खराब माल लावलास आणि आता काटे दाखवतोस! माझा म्हातारा बाप तुझ्यामुळे घराबाहेर बसलाय!"

मी हे फाटकाशी, भर रस्त्यावर बोललो. शेजारच्या तीन घरांच्या खिडक्यांत डोकी दिसली. त्या प्लंबरचं तोंड एवढंसं झालं. तो काही उलट बोलला असता तर मला आवडलं असतं. त्याने पिशवीत हत्यारं भरली.

"बारा वर्षं काम करतोय. चोर कोणी नाही बोललं," तो म्हणाला आणि गाडीला किक मारून गेला.

बायको ओटीवर उभी होती. "आता बरं वाटलं?" तिने विचारलं.

वाटलं नाही.

सुतार दुपारी आले. तेच शेवटचे उरले होते. त्यांनी चप्पल काढली, वर चढले, वाकून तुळईच्या खालच्या अंगाला पाहू लागले. एक थेंब लोंबत होता. त्यांनी तो बोटावर घेतला, पाहिला, आणि जिभेला लावला.

"पानी खारं हाय," ते म्हणाले.

तुम्हाला वाटेल, निदान आता तरी माझ्या डोक्यात उजेड पडला असेल. नाही! मी लगेच भाषण सुरू केलं. "तेच तर! मी म्हणतच होतो. बोअरचं पाणी खारं झालंय. एवढ्या बिल्डिंगी झाल्या, जमिनीतलं गोडं पाणी उपसून नेलं, आता समुद्र आत येतोय. ते पाणी पायातून भिंतीत चढलं, भिंतीतून तुळईत. बघा, सगळ्या वसईची वाट लावली यांनी—"

"अहो," बायको जिन्याशी येऊन उभी राहिली होती.

"थांब गं, महत्त्वाचं आहे."

"अहो, ते मीठ तुम्ही कुठल्या नारळांना घातलंत?"

खालच्या प्लास्टिकवर दुसरा एक थेंब पडल्याचा आवाज आला. सुतारांनी माझ्याकडे पाहिलं, मग तुळईकडे. बोटाने चाचपत गेले. माझ्या लिंपणावर नख मारलं. ते सुटलं, आणि आतून ओलं मीठ-वाळू त्यांच्या तळहातावर उतरली. त्यांनी दुसरं भोक शोधलं. मग तिसरं.

"किती पाडलीत?"

"छत्तीस," मी म्हणालो.

ते वाकस मांडीवर ठेवून खालीच बसले. त्यांना हसू आवरत नव्हतं आणि चीडही आवरत नव्हती. दोन्ही एकदम येत होतं. "अवो भाऊ, बरनीतलं मीठ पावसात पानी सोडतं ते कदी बगितलं नाय काय? मीठ हवेतलं पानी वढून घेतं! ह्ये लाकूड आता तुमी उन्हात टाकलंत तरी वल्लंच ऱ्हानार."

"पण होडी तर जन्मभर खाऱ्या पाण्यात असते," मी म्हणालो. पराभूत माणूस असाच मुद्दा काढतो.

"व्हय. होडी वल्ली असली तरच बरी. सुकली तर फाटते. म्हून काय होडीखाली खाट टाकून म्हाताऱ्याला झोपवता काय?"

बायको जिना उतरून गेली. ती रागावली असती तर सोपं होतं. ती स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसत होती, आणि ते हसणं मला माडीवर ऐकू येत होतं.

चारही तुळया बाद झाल्या. भुंग्यामुळे नव्हे; सुतारांनी स्पष्ट सांगितलं की भुंग्याची तुळई वाचली असती, गिरमिटाची वाचणार नाही. त्या कापून अंगणात उतरवल्या. त्या जागी लोखंडी गर्डर आले, त्यांवर नव्या सुक्या फळ्या. बायकोने पहिल्यांदाच या प्रकरणात हुकूम सोडला: माडीवर आता पाण्याचा तांब्यासुद्धा न्यायचा नाही, न्हाणीघर खाली, पूर्वी होतं तिथेच. माडीवरच्या न्हाणीघरासाठी आणलेल्या टाइल्स खालच्या न्हाणीघराला लागल्या. मी पुन्हा जिना उतरतो. गुडघे कुरकुरतात. मी ऐकून घेतो.

नवं न्हाणीघर म्हणजे नवी नळजोडणी. मी विरारला प्लंबरच्या दुकानात गेलो. वाटेत चांगली चार वाक्यं जुळवली होती. तिथे पोचल्यावर त्यांतलं एकही बाहेर आलं नाही. मी सगळी हकीकत सांगितली: भोकं, मीठ, छत्तीस. दुकानात अजून दोघं बसले होते, तेही ऐकत होते. तो हातातल्या नळाचा आटा घासत राहिला.

"मी तुला चोर म्हणालो. फाटकाशी म्हणालो. चुकलो," मी म्हणालो.

"काका," तो म्हणाला, "मी पाण्याचं काम करतो. मिठाचं काम करणारा दुसरा बघा."

दोघे बाकावरून खिंकाळले. मीही हसलो असतो, पण तो हसत नव्हता. मग हातातला नळ खाली ठेवून म्हणाला, "उद्या येतो. पण फाटकाशी जे बोललात ना, ते फाटकाशीच परत बोलायचं. त्याच आवाजात." दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या तिन्ही खिडक्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, हा माणूस चोर नाही, मी मूर्ख आहे, असं ओरडलो. पहिल्या वेळेपेक्षा खिडक्यांत डोकी जास्त होती.

बाबांना मी फोनवर फक्त एवढंच सांगितलं की लाकूड खराब निघालं, बदललं. बहिणीलाही तेवढंच माहीत होतं. ज्येष्ठ लागायच्या आत ती त्यांना घेऊन आली. रिक्षातून उतरताना ते केवढे वाळलेले दिसले. शर्टाची कॉलर गळ्यापासून लांब उभी होती. मी हात द्यायला गेलो तर माझा हात बाजूला करून त्यांनी काठी टेकली आणि घरात न जाता सरळ अंगणात गेले. तिथे कापलेल्या तुळया पडल्या होत्या. मी त्या हलवायला हव्या होत्या. ते आता सांगून काय उपयोग.

त्यांनी काठीचं टोक एका भोकात घातलं. मग दुसऱ्या. काठी तिरकी आत जात होती.

"हे भोक नारळाचं आहे," ते म्हणाले.

मी उगाच दुसरी तुळई पायाने सरकवू लागलो.

"आत काय घातलंस?"

"मीठ."

"आणि?"

"वाळू."

"आणि?"

"पाणी," मी म्हणालो.

बहीण माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत राहिली. बाबांनी काठी बाहेर काढली, टोक पुसलं. "मीठ शेंड्यात घालतात, गेंड्या भुंग्याला. बुंध्याला भोक पाडतात ते सोंड्या भुंग्याला, त्यात औषध घालतात. तू दोन्ही एकत्र केलंस. तेही मेलेल्या झाडाला." ते चिडून बोलले असते तर मी सोसलं असतं. ते शिकवल्यासारखं बोलले. साठ वर्षांच्या मुलाला.

मग ते आत आले. स्वतःच्या खाटेवर बसले, उशीवरून हात फिरवला, खिडकीतून वाडी पाहिली. केळीच्या पानांचा आवाज येत होता. त्यांचा चेहरा सैल झाला, आणि गेले अडीच महिने माझ्या छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. ते घरी आले होते. मग त्यांनी मान वर केली आणि नवीन फळ्या, नवीन गर्डर, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत सावकाश पाहिले. पुन्हा पाहिले.

"बाबा, काळजी करू नका," मी म्हणालो. "आता पन्नास वर्षं काही होत नाही."

"कोण म्हणतंय?"

"मी."

त्यांनी बहिणीला हाक मारली. "माझी गादी ओटीवर टाक गं. आठ दिवस या खाटेवर हा झोपेल. वरून काही पडलंच तर याच्या डोक्यावर पडू दे, तिथं नुकसान होण्यासारखं काही नाही."